पद्माक्का आणि न मेलेला गिनिपिग

परवा आमच्या सांगलीच्या घरी धाकट्या नातीने गिनिपिग आणला. सगळे त्याचं कौतुक करत होते आणि मला पद्माक्का आठवल्या... मी सांगतोय, नात टाइप करतेय.

गोष्ट चाळीसच्या दशकातली. मी इथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो. वय विशीचं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री!

पद्माक्का माधवनगरच्या, जैन शेतकरी घरातल्या. खोकला काही केल्या जाईना. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या बेडक्यात मला क्षयाच्या जंतूंसारख्या लाल काड्या दिसल्या, म्हणून त्यांचं तान्हं बाळ कडेगावला मावशीकडे पाठवावं लागलं.

पण बाई खंगत नव्हती. डॉक्टरांना शंका आली. क्षय असेल तर सहा आठवड्यांत गिनिपिग आजारी पडतो, म्हणून आक्कांचा बेडका एका नराला टोचला. नर ही वहीतली नोंद अर्थात माझी.

आठ आठवडे झाले तरी गडी टुणटुणीत. फक्त पोट फुगलेलं... डॉक्टर म्हणाले, उद्या कापून बघू, म्हणजे निकाल लागेल. मी खुशीत आक्कांना सांगायला गेलो.

आक्का अनवाणीच डॉक्टरांच्या दारात. "आवं डॉक्टर, माझं ल्येकरू मला मिळावं म्हून त्या मुक्या जिवाला कापू नगासा. मी थांबती आनी म्हैनाभर." डोळ्यांना धार लागली होती, पण हट्ट सोडला नाही. मला तर रागच आला.

डॉक्टर थांबले. दहाव्या दिवशी सकाळी पिंजरा उघडला, तर आत तीन पिल्लं... माझा नर बाळंत झाला होता!

डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, क्षयाने पोखरलेली गिनिपिग अशी धडधाकट पिल्लं देत नाही. आक्कांच्या बेडक्यातून काचेच्या नळीत वाढवलेला जंतूही हळदीसारखा पिवळा निघाला. क्षयाचा नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद... बाळाला लागण्याची भीती नव्हती.

बाळ आलं. आधी आईला ओळखेना, रडलं. मग पदर मुठीत धरला तो सोडेचना. मी तोंड फिरवून सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत बसलो.

पुढे आयुष्यभर हजारो काचा तपासल्या, पण निकालासाठी थांबायचं कसं, ते आक्कांनी शिकवलं. त्यांचे उपकार मोठे.

नात विचारतेय, गिनिपिगचं नाव काय ठेवू? म्हटलं, आक्का ठेव... फक्त नर की मादी, ते माझ्याकडून तपासून घेऊ नकोस.