सानिका कपडे राखायला येणार नाही

...आणि वरून मलाच सांगतो, "ताई, तू मधात पडू नको." का नाही पडू? पोरीला पाण्यापर्यंत न्यायचं आणि काठावर बसवून ठेवायचं, ही कोणती पद्धत काढली रे प्रमोद तू? आता माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. इथं फेसबुकवर मात्र सगळ्यांच्या फोटोवर अंगठे देत फिरतोस... म्हणून इथंच लिहून राह्यली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रमोद माझा लहान भाऊ, नालवाडीला राहतो. सानिका त्याची पोरगी, आता सातवीत जाईल.

मी आंजीला राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी भावाची, दिराची पोरं ऑटोत भरते आणि नदीच्या डोहावर नेते. घरून पोळ्या, आंब्याचं रायतं, एक टरबूज... झाली सहल. त्या मोठ्या वॉटर पार्कचं तिकीट आपल्याला झेपत नाही. आणि तिथलं पाणी डोळ्याला झोंबते ते वेगळंच.

पाण्यात मस्ती मी चालू देत नाही. कडेला गुडघाभर आहे, मधात माणूस बुडेल एवढं. ज्याला पोहता येत नाही तो माझ्या हाताच्या पुढे जात नाही. गेला तर पाठीत धपाटा.

सानिकाला पोहता येते. मीच शिकवलं, पाठीला रिकामी कॅन बांधून. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, पण बाहेर ये म्हटलं तर येईना. आता तर पोहते तेव्हा पाण्याचा आवाजसुद्धा होत नाही... दिराची पोरं इतकी मोठी झाली, अजून ट्यूब सोडत नाहीत.

गेल्या रविवारी पहिल्यांदा प्रमोदही आमच्यासोबत आला. मला बरं वाटलं, म्हटलं पोरांसोबत जरा वेळ घालवेल. डोहावर पोचलो, पोरांनी धडाधड उड्या मारल्या. मीही दिराचा लहाना कडेवर घेऊन पाण्यात उतरली. वळून पाहते तर सानिका दगडावर बसलेली. मांडीवर सगळ्यांचे टावेल, बाजूला मोबाईल आणि चपला.

"तू काऊन बसली वं?"

"बाबांनी सांगतलं, कपडे राख म्हणून."

मी प्रमोदकडे पाहिलं. तो म्हणे, "मोठी झाली न ताई ते आता. चार लोक येतेत इथं."

"मंग मी पाण्यात हावो, मले नाई पाहत लोक?"

"तुह्यं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? म्हातारी झाली म्हणून?"

त्यावर तो हसला. लोक तिथं आपापल्या पोराला सांभाळत असतात, कोणाला वेळ आहे कोणाची पोरगी पाहायला... पण त्याच्या डोक्यात एकदा घुसलं की घुसलं.

थोड्या वेळानं साहेब पाण्यात पाय सोडून बसले, चपला बाजूला काढून. पोरांनी पाणी उडवलं, एक चप्पल सरकली आणि निघाली डोहाच्या मधात. प्रमोद ओरडला, "अरे धरा रे! माही चप्पल वाहून राह्यली!" ट्यूबवाले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. माझ्या कडेवर लहाना, मला सोडता येईना. प्रमोद स्वतः गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याला पोहता येत नाही... लहानपणी शिकवायला नेलं की विहिरीवरून पळून घरी यायचा.

सानिका उठली. टावेल दगडावर नीट ठेवले आणि ड्रेससकट पाण्यात गेली. मी तिच्यावर नजर ठेवून उभी होती, पण भीती नाही वाटली. चप्पल धरली, आरामात परत आली, बापाच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. अंग ओलं होतं म्हणून टावेल मांडीवर नाही घेतले, बाजूलाच ठेवून राखत बसली.

मला तेच जास्त लागलं. तिनं एकदाही विचारलं नाही, की आता तरी जाऊ का...

प्रमोद एवढंच बोलला, "ओली झाली न पूर्ण." पण मग आपल्या गळ्यातला दुपट्टा काढून तिचे केस पुसून दिले. खोटं कशाला बोलू, ते मी पाहिलं.

परत येताना बगीच्यात थांबलो. तिथं पोरगी झुल्यावर बसली आणि हाच बाप मागून जोरजोरात झोके देऊन राह्यला. "बाबा, अजून वर!" म्हणे ती, आणि हा खूश. मी म्हटलं, "काऊन रे, झुल्यावर लहान आन पाण्यात मोठी?" आजूबाजूच्या दोन बाया हसल्या. तो नुसता खाली मान घालून झोके देत राहिला... मला वाटलं, समजलं याला.

काल सानिकाचा फोन आला, आईच्या मोबाईलवरून. "आत्या, या रविवारी मी नाई येत. बाबा म्हणते, घरीच राह्य." रडत नव्हती. रडली असती, भांडली असती तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. "ठीक आहे आत्या" म्हणाली आणि ठेवला फोन. या वयात पोरगी एवढ्या लवकर ठीक आहे म्हणते, याचीच मला भीती वाटते.

प्रमोद, तू वाईट बाप नाहीस. पण ज्या पोरीला पोहता येते तिलाच घरी ठेवतोस, आणि न येणारे डोहावर जातात... जरा शांत बसून विचार कर.

रविवारी सकाळी ऑटो सांगितला आहे, सानिकाची जागा धरून... पोहायला, कपडे राखायला नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. "पाहू" चालणार नाही, हो की नाही सांग. आणि नाही म्हणायचं असेल तर मला नको सांगू. सानिकाला समोर बसव, का नाही ते तिला सांग, आणि ती जे विचारेल त्याचंही उत्तर दे... शनिवारपर्यंत.