गुण जाईल म्हणून न सांगितलेली मुळी

माझ्या मुलीचं लिव्हर मी माझ्या हाताने खराब केलं होतं.

ज्यांनी हे माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, त्या डॉ. सुमतीमॅडम आज सकाळी गेल्या. हार्ट अटॅक. दिवेआगरला, स्वतःच्या सुपारीच्या वाडीत.

दुःख आहेच. पण खरं सांगतो, भीती जास्त आहे.

मॅडम आयुष्यभर एकाच गोष्टीमागे धावल्या. लिव्हर बंद पडायला लागलं की कुणाचं बदलावंच लागेल आणि कुणाचं स्वतःहून सावरेल, हे वेळेत कसं ओळखायचं. मुंबईच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमधून दर सुट्टीला इकडे यायच्या. म्हसळ्यापासून किहीमपर्यंत कावीळ झालेल्यांच्या घरी जायच्या, रक्त घ्यायच्या, काय खाल्लं-प्यायलं ते विचारायच्या.

पेणजवळ आमच्या घरीही दोनदा आल्या होत्या.

आम्ही चहा दिला. माहिती दिली नाही.

कारण आमच्याच घरी काविळीचं औषध मिळायचं. तीन पिढ्या. रविवारी आणि बुधवारी, उपाशीपोटी, ताकातून मुळी. फुकट. अट एकच, मुळी कुठली ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

मी क्लीनर म्हणून सुरुवात करून स्वतःचे ट्रक उभे केलेला माणूस. इंजिनच्या आवाजावरून बेअरिंग गेलं की नाही ते सांगतो. सहज फसत नाही.

पण रुपालीचे डोळे पिवळे झाले, तेव्हा तिला मोठ्या भावाकडेच नेलं. औषध तो द्यायचा. वाटी मी धरली.

"पप्पा, कडू आहे."

"कडूच असतं. पी."

पाचव्या वाटीनंतर ती दिवसाही बसल्या जागी झोपायला लागली. ब्रश करताना आलेलं रक्त थांबेना. मग मुंबई. मग मॅडम. शेकडो घरं फिरलेल्या त्यांनी मला ओळखलं नाही.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काही गावठी औषध दिलंत?"

मी म्हणालो, "नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघांच्या टेस्ट झाल्या. लिव्हरचा तुकडा कोण देऊ शकतं ते बघायला. माझं फॅटी निघालं, मी नापास. बायकोचं जुळलं. म्हणजे आता दोघी टेबलावर जाणार, आणि मी बाहेर.

मॅडम दर तासाला येऊन रुपालीला हात पुढे करून पंजे वर धरायला लावायच्या. पंजे फडफडले की समजायचं, लिव्हरचं विष मेंदूकडे निघालंय.

"मॅडम, मी ट्रॅफिक पोलीस वाटतेय," रुपाली झोपाळू आवाजात म्हणाली.

"वाटू दे. फक्त मला अडवू नकोस."

त्या हसल्या. मी पंजे बघत होतो. थोडे फडफडत होते.

बाहेर पॅसेजमध्ये दोन तरुण डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. माझे कान तिखट.

"कारणच सापडत नाहीये. मॅडम म्हणतात, कारण कळलं नाही तर थांबायची रिस्क नाही घेता येणार. संध्याकाळी ऑपरेशनला घेऊया."

मी दादाला फोन लावला. "दादा, मी मुळी सांगतोय."

"येडा झालास काय? आबांची शपथ हाय. गुन जाईल."

"पोरगी जातेय, दादा."

मग तो म्हणाला, "ड्रायव्हर धाड. पुडी बांधून ठेवतो."

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. "मॅडम, काल मी खोटं बोललो."

ओरडतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "किती दिलंत? किती वेळा? शेवटची वाटी कधी?"

पुडी आल्यावर त्यांनी उघडून बघितली. "ही मी ओळखते. पेशंट शुद्धीवर असताना बंद झाली तर लिव्हर बरेचदा मागे फिरतं. आपण थांबू."

मी हात जोडले. "तुमचा अभ्यास माझ्या पोरीवर नको, मॅडम. बदलून टाका एकदाचं."

"अभ्यास आधीच झालाय. ज्यांच्यावर झाला, त्यातले काही आज नाहीत. त्यांच्यामुळेच मी तुम्हाला थांबा म्हणू शकते. थिएटर तयार ठेवलंय. ती गोंधळली, माणसं ओळखेना, तर एक मिनिटही थांबणार नाही."

बोरघाटात ब्रेक गेलेली गाडी उतरवलीय मी. तेव्हा हातात स्टिअरिंग तरी होतं.

त्या दुपारी हातात काहीच नव्हतं. दर तासाला पंजे.

पाचचा रिपोर्ट आला. रक्त गोठायला लागणारा वेळ किंचित कमी झाला होता. किंचितच. मॅडम खुर्चीवर टेकल्या आणि पहिल्यांदा पाणी प्यायल्या. तेव्हा मला कळलं, त्याही घाबरल्या होत्या.

दोन दिवसांनी पंजे स्थिर. ऑपरेशन लागलं नाही. रुपाली आज नोकरी करते, माझ्याशी भांडते.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी मॅडम आमच्या गावी आल्या आणि पेशंटच्या रांगेत बसल्या. नंबर आल्यावर दादाला म्हणाल्या, "बहुतेकांची कावीळ आपोआपच उतरते हो, दादा. म्हणून तुम्हाला वाटतं मुळीने उतरली. ज्यांची नाही उतरत, ते तुमच्याकडे परत येत नाहीत. ते माझ्याकडे येतात."

दादाने त्या दिवशी मुळी वाटायचा पाटा धुऊन आत ठेवला, तो पुन्हा काढला नाही.

गाडीपर्यंत सोडताना मी विचारलं, "आमच्या दारातून औषध नेलेल्यांपैकी किती गेले असतील?"

धीर द्यायला त्या खोटं बोलल्या नाहीत. "मला माहीत नाही. कळायला मार्ग नाही. घरचे सांगतच नाहीत."

तो न कळलेला आकडा माझ्या छातीवर बसलाय. मॅडम होत्या तोवर निदान त्यांच्याशी बोलता यायचं.

आता तुम्हाला सांगतो. आमच्या घरून कुणी काविळीचं औषध नेलं असेल आणि तुमचं माणूस गेलं असेल, तर मला फोन करा. शिव्या द्या, चालेल. मी ऐकेन, आणि मॅडमच्या लॅबमध्ये जाऊन सांगेन.

फोन वाजेल याची भीती वाटते. तरी फोन चालू ठेवलाय.

मॅडम, आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.