कुत्रीचं सुतक

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझा नवरा स्वयंपाकघरात कोसळला. साडेदहाला हॉस्पिटलात डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. गॅसवर कुत्रीच्या भाताचा कुकर होता. शेजारणीने तो बंद केला.

त्या कुकरातला भात नंतर कोणी काढला, कुत्रीला घातला की टाकून दिला, मला माहीत नाही. घर माणसांनी भरलं होतं. मी खुर्चीत बसून होते आणि कुत्री पलंगाखाली होती.

माझ्या नवऱ्याने माणसांसाठी कधी स्वयंपाक केला नाही. चहासुद्धा मीच करायचे. निवृत्त झाला त्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याला हे पिल्लू सापडलं. ते घरी आणलं त्याच आठवड्यात त्याने मुलुंडच्या बाजारातून एक लहान कुकर आणला. त्यानंतर नऊ वर्षं रोज सकाळी त्याने तिचा भात लावला. तांदूळ, लाल भोपळा किंवा दुधी, चिमूटभर हळद आणि मासळी. मीठ नाही. मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली बाई, मला सकाळी शांतपणे वाचायला हवं असायचं. वाफ सुटली की मी पुस्तक घेऊन बाल्कनीत जायचे. त्या कुकरात मी कधी डोकावले नाही.

"हिच्या खाण्याला काही खर्चच नाही," तो म्हणायचा. "मासळीवाली उरलंसुरलं देते. डोकी, शेपट्या." मी पुस्तकातून मान वर न करता हं म्हणायचे.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाई कणकवलीहून आल्या आणि घर त्यांनी हातात घेतलं. मला ते बरंच वाटलं. संध्याकाळी मी त्यांना कुत्रीच्या जेवणाचं विचारलं.

"सुतकात घरात मासळी शिजवूक नको गो," त्या म्हणाल्या. "तेरा दिवस वरणभात खाल्ल्यान तर काय मरणा नाय ता कुत्रा."

माझा सुतकावर विश्वास नाही. हे मी त्यांना एरवी सांगितलं असतं, आणि पूर्वी एकदा सांगितलंही होतं. पण त्या दिवशी वाद घालायला लागणारी ताकद माझ्यात नव्हती, आणि कुत्रीसाठी ती कुठून तरी आणावी असंही मला वाटलं नाही. तिला वरणभात मिळू लागला. तो ती अर्धामुर्धा खायची.

भेटायला येणारं कोणी रिकाम्या हाताने येत नव्हतं. केळी, सफरचंदं आणि बिस्किटांचे पुडे टेबलावर साचत गेले. चहाबरोबर ते पुडे फुटायचे आणि कुत्री पलंगाखालून बाहेर यायची. "बिचारीला कळतं ना सगळं," असं म्हणत प्रत्येकजण तिला एखादं बिस्कीट द्यायचा. माझ्याशी काय बोलावं हे लोकांना सुचत नव्हतं. कुत्रीला काहीतरी देता येत होतं. मीही कोणाला थांबवलं नाही. ती खाते आहे एवढंच मला दिसत होतं.

चौदाव्या दिवशी जाऊबाईंनी मासे आणले, सगळ्यांना जेवू घातलं आणि रात्रीच्या गाडीने त्या गावी गेल्या. जाताना त्यांनी कुत्रीपुढेही मासळी-भात ठेवला होता. तिने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळं ओकली. मग दोन दिवस फक्त पाणी.

तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. तोपर्यंत ते काम नवऱ्याचं होतं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने पोट चाचपलं, वजन केलं, आणि कार्डावरचं जुनं वजन पाहून भुवया उंचावल्या. तीन किलो उतरलं होतं.

"काय खाते ही?"

"मासळी-भात."

"अलीकडेही तेच?"

"गेले दोन आठवडे वरणभात. आणि बिस्किटं."

"किती बिस्किटं?"

"माणसं बरीच आली होती," मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "पण मासळी का बंद केली?"

"सुतक होतं."

"कुत्र्याला कुठे सुतक असतं, काकी?" ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं असावं. "काका?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती थोडा वेळ कार्डावर काहीतरी लिहीत राहिली.

तिने इंजेक्शन दिलं, औषध लिहिलं आणि स्पष्ट सांगितलं. कुत्रीचं वय झालं आहे. आणखी वजन उतरलं तर ती यातून उठणार नाही. आठवडाभर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, थोडं थोडं. पुढे काय घालायचं ते मी ठरवायचं.

"घरचं करा नाहीतर तयार आणा, दोन्ही चालतं. पण रोज जमेल असंच ठरवा. आज हे, उद्या ते, असं आता तिला झेपणार नाही."

रोज जमेल असं. मला त्या दिवसांत रोज अंघोळ जमत नव्हती.

तरी पहिल्यांदा मी मासळीबाजारात गेले. तो करायचा तसंच करावं, असं मनात होतं. त्याची मासळीवाली मला तोंडओळखीची होती. मी म्हटलं, कुत्र्यासाठी उरलेलं द्या, साहेब नेतात तसं.

"उरलेलं?" ती म्हणाली. "साहेब उरलेलं कधी नेत होते? रोज ताजे बोंबील. साफ करून, डोकी काढून. जरा शिळा दिसला तर परत टाकायचे. मी बोलायची, साहेब, बायकोला काय नेता? तर बोलायचे, तिला पुस्तक आहे." ती हसली. "आहेत कुठं साहेब? लय दिवस नाय आले."

मी सांगितलं. तिचा हात बोंबलांवर तसाच राहिला. मग तिने न विचारता पाव किलो बोंबील साफ करून पिशवीत घातले आणि पैसे घ्यायला नकार दिला. पुढच्या गिऱ्हाइकाला "थांब गं जरा," म्हणून ओरडली.

घरी येईपर्यंत मला त्याचा राग येत होता. पापलेट महाग झालं म्हणून आमच्याकडे ते सणासुदीला यायचं. आणि हा माणूस नऊ वर्षं कुत्रीला ताजे बोंबील घालून मला डोकी-शेपट्या सांगत होता. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? बहुतेक म्हटलं असतं. ते त्याला माहीत होतं.

ते बोंबील मी लावले. कुकरच्या वाफेचा वास घरात पसरला तेव्हा मी गॅस बंद करून बाल्कनीत गेले आणि परत आत येऊ शकले नाही. शिजलेलं सगळं शेवटी शेजारणीच्या मोलकरणीने खालच्या मांजरांना घातलं. हे रोज आपल्याला जमणार नाही, एवढं मला समजलं.

मग मी तयार खाण्याकडे वळले. बंगळुरूहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मी इथून दहा किलोची बॅग ऑर्डर करते, स्वस्त पडते." मी थांब म्हटलं. स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन मी पिशव्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहिले. आयुष्यभर पुस्तकाचं मुखपृष्ठ सोडून आतलं पान आधी पाहायची सवय. ती इथे कामी आली. जे सगळ्यात जास्त घातलेलं असतं, त्याचं नाव यादीत पहिलं असतं. पुढे कोंबडीचं चित्र असलेल्या बऱ्याच पिशव्यांच्या यादीत पहिला मका होता. एकीत तर कोंबडीचा फक्त स्वाद होता. काही पिल्लांसाठी होत्या, त्या म्हाताऱ्या कुत्रीला जड. ज्या सगळ्यात चांगल्या वाटल्या त्या माझ्या पेन्शनीत दर महिन्याला बसणाऱ्या नव्हत्या.

"मॅडम, कॉलेजात आहात का? दीड तास झाला," दुकानदार म्हणाला. "ही घ्या ना, एकदम झकास. सगळे हीच नेतात."

"यात पहिला मका आहे."

"कुत्रा कुठे वाचतो, मॅडम?"

शेवटी मधल्या किमतीची, यादीत मांस पहिलं असलेली, वयस्कर कुत्र्यांची पिशवी मी निवडली. एक किलोची. मोठी घेतली असती तर किलोमागे कमी पडलं असतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत उघडी पिशवी महिनाभरात नरम पडते आणि खवट वास येतो. मुलीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू कुत्र्याच्या खाण्यावर प्रबंध लिहिणार आहेस का गं?" खूप दिवसांनी तिचा आवाज हसरा होता.

डॉक्टरने सांगितलेला चिकन-भाताचा आठवडा संपला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याच भातात एक चमचा पिशवीतले दाणे, कोमट पाण्यात भिजवून. कुत्रीने भात खाल्ला आणि दाणे तेवढे जिभेने बाजूला काढले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ते कुस्करून कालवले, तर तिने काहीच खाल्लं नाही. मी वाटी उचलली, धुतली, संध्याकाळी पुन्हा भरली. मनधरणी केली नाही, तिच्यापाशी बसलेही नाही. माझ्यात तेवढं नव्हतं. वेळ झाली की वाटी ठेवायची, वीस मिनिटांनी उचलायची, एवढंच मी करत होते. त्या आठवड्यात मी तिच्या मरणाचा विचार शांतपणे केला, हे मी लिहिलं पाहिजे.

नवव्या दिवशी सकाळी वाटी ठेवून मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि ती पंख्याखाली आडवी झाली होती. त्या दिवशी वेगळं काय झालं, मी खूप आठवून पाहिलं. काहीच वेगळं नव्हतं. संध्याकाळीही तिने खाल्लं.

आता सकाळी दाणे आणि संध्याकाळी दाणे, त्यात एक चमचा उकडलेला भोपळा किंवा अर्धं अंडं. पाच मिनिटांचं काम आहे, ते मला जमतं. बिस्किटं घरात आणत नाही. गेलेल्या तीन किलोंपैकी दोन परत आले आहेत; तिसरा येणार नाही, असं डॉक्टर म्हणते. घरात मी आहे आणि कुत्री आहे, आणि आम्ही दोघी दिवसातून दोनदा जेवतो.