काकूच्या माहेरचं पान

माझे वडील माणिकप्पा यांचं जळकोटात कापडाचं दुकान होतं. दुकान धाकटे चुलते बघायचे आणि आप्पा घराण्याची वंशावळ जमवायचे. गिऱ्हाईक खणाचा भाव विचारायला आलं, तरी आप्पा त्याला पणज्याचं नाव विचारूनच सोडायचे. आई वैतागून म्हणायची, "यास्नी जित्या माणसांपरीस मेलेलीच लई प्यारी."

या नादात त्यांना दोन जोडीदार मिळाले होते. एक विरुपाक्ष हेळवी. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं सांभाळणारा. सुगी झाली की तो नंदीवर बसून यायचा, दारात आमच्या पूर्वजांची नावं खड्या आवाजात वाचायचा, नवी पोरं वहीत चढवायचा आणि ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जायचा. वहीला कुणाला हात लावू देत नसे. आप्पांनी दोन वर्षं मनधरणी केली, तेव्हा कुठं तो हळू वाचायला कबूल झाला. दुसरे महालिंगप्पा, आमचे सोलापूरचे भाऊबंद. सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे. त्यांची पत्रं ओळखीच्या गाडीवानाबरोबर नाक्यावर झडती देऊन यायची.

या तिघांचं गाडं एका शरणबसप्पावर अडलं. हेळव्याच्या वहीत तो एकदाच होता. महालिंगप्पांच्या पत्रात त्याला दोन बायका आणि दोन गावं होती. वर्षभर नुसते कागद काळे झाले. शेवटी एके दिवशी ज्वारी पाखडता पाखडता काकू बोलली. काकू म्हणजे आप्पांची विधवा चुलती गौराबाई. घरात लहानथोर सगळे तिला काकूच म्हणायचे.

"आरं, शरणबसप्पा दोन व्हते. आज्याचं नाव नातवाला ठिवलेलं. थोरला देवीच्या साथीत गेला, धाकटा सोलापुराकडं. मला सासूनं सांगितलंय."

आप्पांनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि वही उघडली. काकूला लिहिता येत नव्हतं, पण कोण कुणाच्या पाठीवरचा, कुणाची लेक कुठं दिली, सगळं तोंडपाठ. निम्मी वंशावळ तिची आहे, हे मी आज सांगते. तेव्हा कुणी म्हटलं नाही.

तिनं एकच मागितलं. "माणिका, माज्या बापाचं घर बी लिव की एका पानावर. पलेगात समदी गेली. दारात कुनी न्हाय म्हनून त्यांचा हेळवी बी यायचा बंद झाला. म्या हाय तवर नावं हायत."

"लिवू की काकू. पर तुमचं म्हायार आपल्या घराण्यात कसं बसंल? आदी आपलं पुरं हू द्या."

पुढच्या सुगीला तिनं परत विचारलं. आप्पा म्हणाले, कागद मिळत नाही. महायुद्धामुळं कागदाची टंचाई होती, हे खरं. पण त्याच महिन्यात त्यांनी महालिंगप्पांना सहा पानी पत्र लिहिलं होतं. त्यानंतर काकूनं विषय काढला नाही. आमची नावं मात्र ती सांगत राहिली. मला त्याचाच आजही राग येतो, आणि रागवायला आता आप्पा नाहीत.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं आम्ही सोलापूरला महालिंगप्पांकडं गेलो. आप्पांनी वह्या पोटाशी बांधून नेल्या. तिथं काकूला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. आप्पा पाचही दिवस तिच्या उशाशी होते. त्या पानाची आठवण रोज यायची, पण विचारायला तोंड नव्हतं, असं ते नंतर सांगत आणि रडत.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही घरी आलो. सुगीला विरुपाक्ष आला तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "काकूचं म्हायार लिवायचंय."

त्यानं खळखळ न करता कोरं पान काढलं. "सांगा. बापाचं नाव?"

आप्पांना सातव्या पिढीतल्या सावत्र भावाचं नाव पाठ होतं. हे नव्हतं. आळंदकडचं एक गाव तेवढं ऐकून माहीत होतं.

ते त्या गावाला गेले. देवळाच्या पारावर एक म्हातारा भेटला. पलेगात अख्खी घरंच्या घरं बसली, असं तो कानडीत सांगू लागला. "लेकीचं नाव सांगा, घर कुठलं ते सांगतो."

"गौराबाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्या नावाची लेक या गावात कधीच नव्हती.

तेव्हा आप्पांच्या ध्यानात आलं. गौराबाई हे नाव लग्नात आमच्याच घराण्यानं ठेवलेलं. नऊ वर्षांची पोर आमच्याकडं आली, पन्नास वर्षं आमच्यात राहिली, आणि माहेरी तिला काय म्हणायचे, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

जळकोटला कुठली लेक दिली होती, ते म्हाताऱ्याला आठवेना, पण त्याला दया आली असावी. बोटं मोजत तो त्या काळात सासरी गेलेल्या पोरींची नावं आपणहून सांगू लागला: निंगव्वा, बसव्वा, शिवम्मा, सिद्दव्वा. दर नावाला थांबून आप्पांच्या तोंडाकडं बघायचा. आप्पा हात जोडून ऐकत राहिले. त्यातली एक काकू होती.