बदाम राणीचा टाका

लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, चटणीच्या पाकिटांवरची लेबलं, असल्या डिझाइनच्या कामांवर माझं पोट चालतं, आणि तरी माझा माज कमी नाही. कुणी म्हणालं, ताई, नवरदेवाचा फोटो अजून मोठा करा की, तर माझं डोकं फिरतं. आबांना पंचाहत्तरावं लागणार होतं तेव्हा मी ठरवलं, आता एक काम असं करायचं की ज्यात गिऱ्हाइकाची लुडबुड नाही. आबांसाठी पत्त्यांचा खास कॅट करायचा.

आबा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत चौघं जण मेंढीकोट खेळायचे. रिटायर झाल्यावर तेच चौघं आमच्या दारातल्या कट्ट्यावर रोज दुपारी चारला बसायला लागले. दोघं एकीकडचे, दोघं दुसरीकडचे, आणि समोर बसतो तो आपला भिडू. आबांच्या भिडूला मी काका म्हणते. आई गेली तेव्हा तेरा दिवस ते आमच्याच घरी होते.

दोन वर्षांपासून आबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग मंडईतून घरी यायचा रस्ता. एकदा भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघून त्यांनी मला विचारलं, ही बाई कोण? मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. पण चार वाजता कट्ट्यावर बसले की आबा एकदम पहिल्यासारखे. पान टाकण्यात चूक नाही, दश्शी मारण्यात चूक नाही. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या, त्यानं बरं राहील. त्या दोन तासांवर मी दिवस काढत होते. खेळ सुटला की आबा सुटले, एवढं मला कळत होतं.

म्हणून तर जीव ओतून कॅट केला. दोन महिने लागले. बदामाच्या जागी वितळलेल्या लोखंडाचा थेंब, चौकटच्या जागी साच्याची पेटी, इस्पिकच्या जागी फावडं, किलवरच्या जागी ठिणगी. चार राजे म्हणजे हे चौघं, फेटे बांधलेले. राण्या त्यांच्या बायका. गुलाम व्हायला कोण तयार होणार? म्हणून चारी गुलामांना त्यांच्या जुन्या सुपरवायझरचं तोंड दिलं. बदाम राणी आई. तिच्या कपाळावरचं कुंकू मनासारखं उतरेपर्यंत मी चार वेळा प्रिंट काढून बघितली.

वाढदिवसाला कॅट आबांच्या हातात दिला आणि त्यांचा जुना, तंबाखूचा वास मारणारा, तेलकट कॅट त्याच सकाळी घंटागाडीत टाकून दिला. विचारलं नाही कुणाला. असली घाण आता कशाला ठेवायची, असं मनात आलं आणि टाकून मोकळी झाले. शहाणी मी.

दुपारी पानं वाटली. तिघांनी कौतुक केलं, सुपरवायझरचं तोंड बघून पोट धरून हसले. आबा तेरा पानं हातात धरून नुसते बसले. उतारी त्यांची होती. एक पान वर काढलं, खाली घातलं, दुसरं काढलं. अंगठा पानाच्या कडेवरून फिरवत राहिले. शेवटी सगळी पानं कट्ट्यावर पालथी ठेवून म्हणाले, "मला येत न्हाय ह्यो खेळ," आणि उठून आत गेले.

मला वाटलं, माझी चित्रं नडली. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन दुकानातून साधा कॅट आणला, अगदी जुना होता तसाच. तेच झालं. तिसऱ्या दिवशी आबा कट्ट्यावर आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवणाचं ताट तसंच. आठवडा असा गेला. मी त्यांच्यावर ओरडले सुद्धा, उठा, बाहेर चला, सगळे वाट बघतायत. ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत होते. काय मेलं हे माझं डिझाइन, असं मला झालं होतं.

मग एका सकाळी काका माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, आणि जुना कॅट कुठाय म्हणून विचारलं. टाकला म्हटल्यावर कपाळाला हात लावला. मग सावकाश सांगितलं. आबा पानं डोळ्यांनी ओळखतच नव्हते. इस्पिक एक्क्याचा कोपरा दुमडलेला, चौकट दश्शीला दातानं चावल्याची खूण, किलवर राजावर चहा सांडून तो फुगलेला. सगळं अंगठ्याला पाठ होतं. आणि या खुणा बाकीच्या तिघांनाही पाठ होत्या.

"त्येच्या हातात काय हाय ते आम्हाला पानांच्या पाठीवरनंच दिसायचं," काका म्हणाले. "मग त्येला जमंल असंच पान टाकायचो. तिघं बी."

मला आधी रागच आला. दोन वर्षं मी डॉक्टरांना सांगत होते, पत्त्यात त्यांचं डोकं शाबूत आहे, आणि हे तिघं शाबूत असल्याचं सोंग उभं करत होते. मला का नाही सांगितलं, म्हणून मी काकांना फाडफाड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगितलं असतं तर तू त्येला खेळू दिलं असतंस व्हय?" एवढंच म्हणाले.

मी वही काढली. काकांनी एकेक खूण सांगितली, मी लिहिली. बावन्न पानांतली एकेचाळीस त्यांना तोंडपाठ होती, उरलेली दुसऱ्या दोघांना विचारली. मी कॅट परत छापला. या वेळी साधं बदाम, साधं इस्पिक, चित्रं फक्त राजा, राणी, गुलामांवर. रविवारी काकांच्या घरी आम्ही चौघं बसलो आणि माझा कोराकरकरीत कॅट नासवायला घेतला. एकजण कोपरे दुमडत होता, एकजण बशीत चहा ओतून पानं बुडवत होता, काका चौकट दश्शी दातात धरून बसले होते. माझ्या कुठल्या गिऱ्हाइकानं माझ्या कामाचं असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

शेवटी बदाम राणी राहिली. जुन्या कॅटातली ती वरच्या कोपऱ्यात फाटली होती, आणि चिकटपट्टी नव्हती म्हणून आईनं तिला सुईदोऱ्यानं एक टाका घातला होता. मला ते आठवत होतं. वहीत मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं.

"राहू दे काका," मी म्हटलं. "एवढं एक पान राहू दे."

"आन त्येनं तिला वळखायचं कसं?" काका म्हणाले.

काकूंनी निळा दोरा ओवून दिला. मी पान फाडलं. आईच्या डोक्यावरच्या पदरातून सुई आरपार घातली, गाठ मारली. तिच्या तोंडाकडे न बघता दोरा ओढला, म्हणून टाका वाकडा आला.

सोमवारी आबांना अक्षरशः ओढत कट्ट्यावर बसवलं. मी त्यांच्या मागे उभी. पानं वाटली. आबांनी ती उचलली, अंगठा कडेवरून फिरायला लागला. इस्पिक एक्क्यावर थांबला, पुढे गेला. मग दोऱ्याला लागला. त्यांनी ते पान वर काढलं. आईच्या तोंडाकडे बघितलं, पण त्या बघण्यात ओळख नव्हती. अंगठा मात्र टाक्यावरून हलेना.

तिघं आपापली पानं सोडून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हिला म्हणावं," ते म्हणाले, "ह्या खेपेला टाका वाकडा आलाय."

मी म्हटलं, सांगते.