जिनिंगच्या गेटावरचा फौजदार

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगावरचा कापूस कधी पूर्ण निघत नाही. घरी जाऊन अंघोळ केली तरी कानात एखादा तंतू सापडतोच. किश्श्यांचंही तसंच आहे. मानवतच्या स्टँडवर चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "जमादार, त्या यंत्राचं खरं हाय का?" मी तोंड उघडायच्या आत, जो त्या दिवशी गावातही नव्हता, तोच सांगायला लागतो. परवा एकाने तर यंत्राने बैलाला अटक केली म्हणून सांगितलं. म्हणून आता मीच लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली, पण गेटाचं रजिस्टर बत्तीस वर्षं लिहिलं आहे. त्यात खाडाखोड नाही.

मी मानवतजवळच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, दिवसपाळीचा गेटवाला. सगळे जमादार म्हणतात. खरं नाव दाखल्यावर आहे. इथे ते कुणाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

कापसाला भीती आगीची. त्यामुळे माझी कामं दोन. येणाऱ्याला "कोण हाय?" म्हणून विचारायचं आणि त्याची बिडी-काडेपेटी काढून घ्यायची. ओळखीचा असला तरी विचारतो. थोरले शेठ हयात होते तेव्हा त्यांनाही विचारायचो. माणूस "मीच हाय" म्हणतो. तेवढं पुरतं. कोण आहे ते आवाजावरून कळतं. ताप आहे का, पिऊन आलाय का, घरी भांडण झालंय का, तेही कळतं.

मागच्या हंगामात धाकट्या शेठनी पुण्याच्या एका कंपनीचं पहारा देणारं यंत्र आणलं. चार चाकं, कमरेएवढी उंची, वर गोल डोकं. त्याला दोन डोळे, एक साधं बघणारा आणि एक गरमी बघणारा. आपलं आपण फिरतं. आवारात आणि भिंतीच्या बाहेरून चक्कर मारतं. पुस्तकातलं मराठी बोलतं. त्याच्यासोबत कंपनीच्या रेवती मॅडम आल्या, लॅपटॉप घेऊन.

मॅनेजर साळवे साहेबांनी मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. हंगामभर यंत्राची परीक्षा आहे. जमलं, तर पुढच्या हंगामाला गेटावर माणूस लागणार नाही. मी म्हटलं, "बरं." आणि गेटावर जाऊन उभा राहिलो.

कापूस लोटणाऱ्या बायांची मुकादम कौसाबाई. तिने यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जमादारावर फौजदार आला की!"

झालं. त्या दिवसापासून तो फौजदार.

*

हंगाम काटापूजनाने उघडतो. वजनकाट्याला हार, नारळ, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं. शेठच्या आई म्हणाल्या, नवीन यंत्रालाही कुंकू लावते. यंत्राचं कपाळ कुठे असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुंकवाचं बोट नेमकं डोळ्यावर टेकवलं, आणि मोठ्या मनाच्या असल्यामुळे भरपूर लावलं.

फौजदाराला सगळं जग लाल दिसायला लागलं.

"आग! आग! सर्वांनी त्वरित बाहेर पडावे!"

सगळे रस्त्यापर्यंत पळाले. टोपी-उपरणंवाला शेतकरी आपली कापसाची गाडी सोडून पळाला. भटजी नारळ घेऊन पळाले. रेवती मॅडम रस्त्यावर उभ्या राहून लॅपटॉपमध्ये बिघाड शोधायला लागल्या.

मी गेलो, रुमाल काढला, त्याचं तोंड पुसलं.

"आग आटोक्यात आली आहे," फौजदार म्हणाला. "सहकार्याबद्दल धन्यवाद."

*

मग मॅडमनी फौजदाराला कामगारांची ओळख करून द्यायचं ठरवलं. सकाळी त्याला गेटात उभा केला. प्रत्येकाने समोर यायचं, तो विचारणार, उत्तर द्यायचं, तेच नाव तो लिहून घेणार. सगळ्यांच्या तोंडाला फडकी, कारण धूळ आणि कापूस नाकात जातो. म्हणून मॅडमनी सांगितलं, हा चेहऱ्यावर नाही, आवाजावर जाईल. मला ते ऐकून बरं वाटलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मॅडमनी त्याच्यात प्रश्न घातला होता तो माझा. दोन दिवस गेटावर उभ्या राहून त्यांनी माझंच बघितलं होतं.

"कोण आहे?" फौजदाराने विचारलं.

बत्तीस वर्षांची सवय. एकामागून एक सगळे सांगून आत गेले.

दुपारी साळवे साहेबांच्या हातात छापील यादी आली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि मला ऑफिसात बोलावलं. यादीत पहिलं नाव 'मीच'. दुसरं 'मीच'. तिसरं 'मीच'. खाली कुठेतरी एक "आमीच हावोत की", ते दोघे भाऊ बरोबर आत गेले होते. एकट्या कौसाबाईने आपलं नाव, गाव, माहेर आणि जावयाचा धंदा सांगितला होता. ते सगळं तिच्या नावाच्या रकान्यात होतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार प्रत्येकाला हाक मारायला लागला, "नमस्कार, मीच."

माणसं खूश झाली. मॅडम ते दुरुस्त करणार होत्या. कामगारांनीच करू दिलं नाही.

*

माझं मात्र नाव यादीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मॅडम चांगल्या आहेत, मला काका म्हणतात. तीनदा विनवलं त्यांनी. मी म्हटलं, "मॅडम, गेटावर इचारायचं काम माझं. मला कोण इचारणार?"

साळवे साहेब म्हणाले, "जमादार, हट्ट सोडा. यादी शेठपुढं जाणार हाय. यादीत न्हाई तो कामावर न्हाई, असं व्हईल."

मी म्हटलं, "होऊ द्या."

त्यामुळे हंगामभर रोज सकाळी एकच बोलणं व्हायचं. मी गेटात उभा. फौजदार यायचा आणि म्हणायचा, "अनोळखी व्यक्ती, थांबा."

मी म्हणायचो, "थांबलोच हाय. बत्तीस वर्षं."

*

बैलाचं खरं असं आहे.

सोनपेठकडचे दगडूबा अजून बैलगाडीने कापूस आणतात. टेम्पो परवडतो, पण बैल रिकामे बसलेले त्यांना बघवत नाहीत. त्यांची गाडी काट्याकडे चालली होती. समोरून फौजदार आला. वाट अरुंद. एका बाजूला कापसाची गंजी, दुसऱ्या बाजूला भिंत.

"कृपया मार्ग द्या," फौजदार म्हणाला.

बैल थांबला. फौजदारही थांबला. बैलाने त्याच्याकडे बघितलं, त्याने बैलाकडे. कुणीच हलेना. मागे टेम्पोंची रांग लागली ती पार पाथरीच्या रस्त्याला भिडली. मॅडम नेमक्या परभणीला गेलेल्या. साळवे साहेबांनी फोन लावला आणि गाडीजवळ येऊन दगडूबांना सांगितलं, "बाबा, मॅडम म्हणायल्यात, समोरचा अडथळा हटला की तो आपोआप जाईल."

दगडूबांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"माझा बैल बी तेच म्हणायलाय, साहेब."

शेवटी चौघांनी फौजदाराला उचलून भिंतीकडे ठेवला. अटक वगैरे कुणाला झाली नाही.

*

एक गोष्ट माझ्या विरुद्ध आहे. तीही लिहितो.

रोज दुपारी बाराच्या आत फौजदार तिसऱ्या गंजीपाशी जाऊन ओरडायचा, "उष्णता आढळली." माणसं बादल्या घेऊन धावायची. काही सापडायचं नाही. चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले आणि गंजी उकरायला लावली. आत स्टीलचा मोठा डबा निघाला. गरम भाकरी आणि पिठलं. कापसात पुरलं की दुपारपर्यंत गरम राहतं. बाया वर्षानुवर्षं तसंच ठेवत आल्या आहेत.

शेठ तापले. मला म्हणाले, "जमादार, इतकी वर्षं गेटावर हाव, ह्यो डबा तुमाला कधी घावला न्हाई?"

मी काही बोलायच्या आत कौसाबाई म्हणाली, "कसा घावंल? गुरवारी त्येच जेवत्यात त्यातलं."

शेठनी डबा बंद केला, बाईच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले. हसताना आम्ही बघू नये म्हणून काच वर केली.

पुढे पंधरा दिवसांनी फौजदार पाचव्या गंजीपाशी ओरडला. सगळे म्हणाले, डब्याची जागा बदलली. कुणी उठेना. मी गेलो. वास काहीच नव्हता. माझं नाक काडेपेटी खिशात असली तरी सांगतं, पण त्या दिवशी गप्प होतं. कोपरापर्यंत हात घातला तर आतला कापूस भाजत होता. ओला माल आत दडपला गेला होता. सगळी गंजी फोडली, कापूस पांगवला. आणखी दोन तास गेले असते तर जिनिंग राहिलं नसतं, आणि पुढच्या हंगामाची चिंता कुणालाच राहिली नसती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फौजदाराचे दोन्ही डोळे पुसले. त्याने मला अनोळखी व्यक्ती म्हणून थांबायला सांगितलं. मी थांबलो.

*

हंगाम संपत आला. शेवटच्या आठवड्यात कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून आले. शेठ निकाल त्या दिवशी देणार होते. सकाळपासून गेटाचा आडवा दांडा फौजदाराच्या ताब्यात दिला होता. मला खुर्ची देऊन बाजूला बसवलं. बत्तीस वर्षांत मी गेटात कधी बसलो नव्हतो. म्हणून खुर्चीशेजारी उभा राहिलो.

शेठची गाडी टेम्पोंच्या रांगेत अडकली. ते उतरून चालत आले. वारं होतं, धूळ होती, त्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता.

"थांबा. कोण आहे?" फौजदाराने विचारलं.

"आरं, मीच हाय!"

"नमस्कार, मीच. आपण तीन तास उशिरा आला आहात. मुकादम कौसाबाई यांना भेटा."

कंपनीच्या साहेबांचा चेहरा उतरला. मॅडमनी लॅपटॉप उघडला. शेठनी रुमाल काढला, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. 'मीच' म्हणणारा आता दुसरंच नाव सांगायला लागला, ते फौजदाराला पटेना. मालकाचा आवाज यंत्रात भरायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मालकाला कोण विचारणार?

"जमादार," शेठ म्हणाले, "सांगा की ह्याला."

मी पुढे झालो. "शेठ हायत. सोड."

फौजदाराने डोकं माझ्याकडे वळवलं. "अनोळखी व्यक्ती, थांबा." मग शेठकडे फिरवलं आणि म्हणाला, "दोन अनोळखी व्यक्ती. गेटवरील कर्मचाऱ्यास कळवत आहे."

गेटाशेजारच्या माझ्या खोलीतला फोन वाजायला लागला.

मी गेलो आणि उचलला. नियम म्हणजे नियम. फौजदाराचाच आवाज होता, "गेटवर दोन अनोळखी व्यक्ती आहेत."

"कळलं," मी म्हटलं. "त्यातला एक मी हाय."

फोन ठेवून बाहेर आलो. दांड्याच्या पलीकडे शेठ, अलीकडे मी. मी नेहमीसारखं विचारलं, "कोण हाय?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून यायचे, तेव्हा विचारलं की असेच बघायचे.

"मीच हाय, जमादार."

"सर्दी झाली तुमाला," मी म्हटलं आणि दांडा हाताने उचलला.

आत ऑफिसात काय बोलणं झालं ते मला साळवे साहेबांनी सांगितलं. यंत्र राहणार, गंज्यांसाठी. गेट जमादाराचं. आणि यंत्र बाहेरून चक्कर मारून आलं की त्यानेही जमादाराला विचारूनच आत यायचं. मॅडम संध्याकाळी उशिरापर्यंत लॅपटॉपवर बसल्या होत्या. जाताना माझ्या पाया पडल्या. गालातल्या गालात हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडलं, दांडा खाली केला. भिंतीबाहेरची चक्कर संपवून फौजदार आला. दांड्यापाशी थांबला. माझ्याकडे बघितलं. अनोळखी व्यक्ती म्हणाला नाही.

मी विचारलं, "कोण हाय?"

"मीच हाय की, जमादार."