एक शब्द आणि चाळीस कार्डं

वेलांटीकाकांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, आणि घरी बायकोच्या हातचं पोटभर जेवले. पहिल्या कामात ते इतके तरबेज होते की ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना म्हणे हातभर अंतरावरून वासानेच कळायची. ‘वेलांटी’ हे नाव त्यांना तिथेच मिळालं आणि पुढे घरादाराला चिकटलं. दुसऱ्या कामात त्यांचा वाटा फक्त खाण्यापुरता होता. गॅस कोणत्या बाजूला फिरवला की पेटतो, हे त्यांना बासष्टाव्या वर्षीही नक्की ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती.

त्यांची बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. तिला सगळे ‘बाई’ म्हणत. एकशेवीस रुग्णांचं दोन वेळचं जेवण एकतीस वर्षं तिच्या हाताखालून गेलं होतं. चुलीपाशी उभी राहायची ती एकटीच. बाकीच्या चौघी चिरायचं, निवडायचं, वाढायचं आणि घासायचं बघत. महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून सरळ सांगितलं, “तुमच्या मागे हे चालणार कसं? सगळं तुमच्या डोक्यात. प्रत्येक पदार्थाची कृती कार्डावर लिहून द्या. या चौघींनी कार्ड बघून तुमच्यासारखं जेवण केलं तर ठीक. नाहीतर मला स्वयंपाकघर बाहेरच्या ठेकेदाराला द्यावं लागेल.”

ठेकेदार आपली माणसं आणणार, म्हणजे चौघी घरी बसणार. त्यातल्या एकीच्या घरात ती एकटी कमावती होती. बाई घरी आल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीवर बसल्या.

“अहो, मला काही लिहिता यायचं नाही. मी सांगते, तुम्ही लिहा.”

काकांची छाती फुगली. निवृत्तीनंतर चार वर्षांनी कोणीतरी त्यांच्यापुढे कोरे कागद ठेवत होतं. त्यांनी पेनं काढली, पट्टी काढली, समास आखले.

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी हे काम चाललं. बाई ओट्यापाशी उभ्या राहून रात्रीचा स्वयंपाक करत आणि हात चालतील तसं बोलत. “कांदा परता. परता म्हणजे परता हं, नुसता पडू देऊ नका. आता डाळ घोटा. पीठ गार पाण्यात कालवा. अंडी फेटा. दूध हलवत राहा, हात थांबवू नका. भात नुसता वरखाली करा.” काका भराभर उतरवून घेत. मधूनच बाई म्हणत, “कळलं ना?” आणि काका मान वर न करता म्हणत, “तू बोल.”

चाळीस कृतींचा कच्चा मजकूर झाला. आता पक्की प्रत करायची, आणि ते काम काकांनी रविवारी दुपारी दार लावून एकट्याने केलं. इथेच त्यांच्यातला मुद्रितशोधक जागा झाला.

छापखान्यातला त्यांचा पहिला नियम असा होता की एका पुस्तकात एका गोष्टीला एकच शब्द. एकदा भूगोलाच्या पुस्तकात एकाच नदीचं नाव दोन तऱ्हेने छापलं गेलं होतं. ते पान आठवलं की त्यांना अजून घाम फुटायचा. आणि इथे बघावं तर भांड्यात पळी फिरवण्याच्या एका साध्या क्रियेला सहा शब्द! व्यवस्थापकांनी नमुना म्हणून एक इंग्रजी कार्ड दिलं होतं. त्यात सगळीकडे ‘स्टर’ एवढा एकच शब्द होता. किती सुटसुटीत, काकांना वाटलं. त्यांनी जाडा शब्दकोश काढला. त्यात या एका शब्दापुढे अर्थांची ही भलीमोठी रांग: ढवळणे, हलवणे, जागे होणे, चाळवणे, चेतवणे, खळबळ माजवणे. सर्वांत शेवटी, बोली भाषेत, चक्क तुरुंग. काका खूश होऊन हसले. रांगेत पहिलं ढवळणे होतं. मग त्यांनी चाळीसही कार्डांवर परता, घोटा, हलवा, कालवा, फेटा, सगळं पुसून सुवाच्य अक्षरात ‘ढवळा’ केलं. ‘वरखाली करा’ हे तर त्यांना फारच ढोबळ वाटलं होतं. तिथेही ‘ढवळा’.

“बघतेस का एकदा?” त्यांनी संध्याकाळी विचारलं.

“तुमच्या नजरेखालून गेलंय ना? मग मी काय बघायचं?” बाई म्हणाल्या, आणि कार्डं पिशवीत घातली. नवऱ्याच्या नजरेवर त्यांचा एवढा विश्वास होता.

चाचणीच्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं होतं. व्यवस्थापकांचा माणूस आत उभा राहिला आणि चौघींना बजावलं, “कार्डावर आहे तेच करायचं. मनाचं काही नको.” नोकरीचा प्रश्न होता. चौघींनी मनाचं काही केलं नाही. ढवळा म्हटलंय, त्यांनी ढवळलं. भात ढवळला, त्याची खळ झाली. डाळ ढवळली, तिचे दाणे वर आणि पाणी खाली, जणू दोघांचं भांडण झालंय. पीठ गार पाण्यात नुसतं ढवळलं, तर पेजेत गोट्यांएवढ्या गुठळ्या. कांदा मधूनच ढवळला, तो एका बाजूने काळा आणि दुसरीकडून कच्चा. गाड्यांवरून गेलेली ताटं वॉर्डातून जशीच्या तशी परत आली.

व्यवस्थापक रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. ते म्हणाले, “सोमवारी आणखी एकदा. त्यानंतर मला ठेकेदाराला कळवावं लागेल.”

बाईंनी घरी येऊन पहिल्यांदाच कार्डं वाचली. एक वाचलं, दुसरं वाचलं, मग पत्ते पिसावेत तशी सगळी भराभर बघितली.

“हे सगळीकडे ढवळा कोणी केलं?”

काका म्हणाले, “मी. एकसारखं दिसावं म्हणून.”

बाईंनी कार्डं टेबलावर ठेवली. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. एकतीस वर्षांची तिची मेहनत, चौघींची पोटं, आणि आपण दार लावून बसलो होतो ते हेच करायला! त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायलाही त्यांना जमलं नाही.

“मला विचारलं का नाहीत?” बाईंनी एवढंच विचारलं.

“मला वाटलं, मला कळतं.”

यावर बाईंना हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात चुकल्याची अशी कबुली त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली होती. त्यांनी कपाटातून जुना ॲप्रन काढला आणि नवऱ्याच्या गळ्यात अडकवला.

“उठा. उद्या सकाळपासून तुम्ही करायचं. मी खुर्चीवर.”

पुढचे दोन दिवस काकांनी कधी नव्हे ते हात चालवले. शनिवारी सकाळी त्यांनी भात ढवळला आणि त्याची खळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या पातेल्यात उलथनं कडेने घालून तळचा भात हलकेच वर आणला. दाणा न् दाणा मोकळा राहिला. डाळ घोटताना पळी भांड्याला घासून दाबावी लागते आणि मनगट भरून येतं, हे मनगटालाच कळलं. अंडी फेटताना हात खालून वर यायला हवा. दूध हलवताना पळी तळाला टेकलेलीच हवी, क्षणभर उचलली की लागलंच. “अगं, हे सगळं वेगळं आहे!” काका दर अर्ध्या तासाने नव्याने आश्चर्य करत होते.

“एकतीस वर्षं मी तेच तर करतेय,” बाई खुर्चीवरून म्हणाल्या. “आणि त्या तुमच्या कोशात शेवटी तुरुंग आहे म्हणालात ना? तुमची रवानगी तिथेच करणार होते.”

रविवारी काकांनी कार्डं पुन्हा लिहिली. नुसता शब्द परत आणून भागणार नव्हतं, हाताला जे कळलं होतं तेही त्यांनी लिहिलं. ‘भात ढवळू नये. उलथनं कडेने घालावं.’ ‘दाण्यांचा आवाज बंद होईपर्यंत डाळ दाबून घोटावी.’ ‘पीठ आधी गार पाण्यात कालवावं, बोटाला गुठळी लागता कामा नये.’ मग चौघींना घरी बोलावून प्रत्येकीकडून मोठ्याने वाचून घेतलं. जिथे कोणी अडखळलं तिथे वाक्य बदललं. आपलं अक्षर कोणी खोडायला सांगतंय, आणि आपण ते आनंदाने खोडतोय, हा अनुभव त्यांना नवा होता.

सोमवारी दोघं स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर बसले. आतून फोडणीचा आवाज आला की बाई अर्ध्या उठत, आणि काका त्यांना पदराला धरून खाली बसवत. “कांदा लागतोय,” त्या पुटपुटल्या. “नाही लागत,” काका म्हणाले, आणि आपण हे कशाच्या जोरावर बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

दीडच्या सुमाराला गाड्या परतल्या. ताटं रिकामी होती. एका ताटात तर पेजेचा ओघळसुद्धा बोटाने पुसून घेतलेला होता. व्यवस्थापकांनी ताटांवरून नजर फिरवली, स्वतः दोन घास खाल्ले, आणि म्हणाले, “ठेकेदाराला नको म्हणून कळवतो.” आतून चौघींचा एकच गलका झाला. काकांनी चष्मा काढून पुसला.

मग चौघींतली थोरली बाहेर आली. तिच्या हातात वाफाळती दोन ताटं होती.

“बाई, काका, बसा तिथेच. आज आम्ही वाढणार.”

बाई बघतच राहिल्या. एकतीस वर्षांत त्या इथे कधी बसून जेवल्या नव्हत्या. तीन वाजता, उभ्याने, पातेल्याच्या तळाशी उरलेलं खाऊन त्या घरी जात. गरम ताट आपल्या हातात कोणी दिलंय, हे त्यांना काही केल्या खरं वाटेना. त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

“डाळीत मीठ जरासं कमी आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

काकांचा हात लगेच खिशातल्या पेनाकडे गेला. बाईंनी तो धरून खाली ठेवला.

“राहू द्या. आता डाळ त्यांची आहे. त्यांचं त्या बघतील.”